मेलिऑइडोसिस: इंजेक्शन चालू आहेत तरी ताप उतरत नाहीये

मृण्मयी_के
काकांसाठी विचारतेय. वय ५८, शुगर बरीच वर्षं आणि कंट्रोलमध्ये अशी कधी नव्हतीच. ताप, खोकला, वजन उतरलेलं, त्यामुळे आधी सगळ्यांनी टीबीच धरला होता, मग सोनोग्राफीत लिव्हर आणि प्लीहा दोन्हीकडे पुवाच्या बारीक गाठी दिसल्या आणि ब्लड कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची टेस्ट) पाठवलं. पहिला रिपोर्ट आला स्यूडोमोनास, नंतर लॅबमधूनच फोन की ते नाही, बर्खोल्डेरिया स्यूडोमॅली आहे, म्हणजे मेलिऑइडोसिस. नावच पहिल्यांदा ऐकलं. सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक शिरेतून चालू आहे, आठवडा होत आला तरी संध्याकाळ झाली की ताप चढतोच. घरात सगळे म्हणतायत औषध लागू पडत नाहीये, बदलून मागा. वर डॉक्टर म्हणतात घरी गेल्यावर निदान तीन महिने गोळ्या. एवढ्या कशाला? आणि घरात बाकीच्यांना लागण होते का याची?

निखिल_आर
मेरोपेनेम सुरू करा म्हणावं सरळ, ते सगळ्यात स्ट्राँग असतं. आठवडाभर ताप म्हणजे औषध फेल.

लॅबवाला
निखिल, तसं नसतं रे. मी मायक्रोबायोलॉजीत काम करतो, डॉक्टर नाही, पण हा जंतू चांगला ओळखीचा आहे. मेलिऑइडोसिसमध्ये योग्य औषध चालू असतानासुद्धा ताप जायला सरासरी नऊएक दिवस लागतात, आणि आत पुवाच्या गाठी असतील तर महिनासुद्धा. नुसत्या तापावरून औषध फेल ठरवत नाहीत. बीपी पडतंय का, श्वास वाढलाय का, नवीन गाठ दिसतेय का, काही दिवसांनी पुन्हा केलेल्या ब्लड कल्चरमध्ये जंतू अजून येतोय का, हे बघतात. मेरोपेनेम आयसीयूतल्या सिरियस पेशंटला किंवा मेंदूत इन्फेक्शन असेल तर देतात, बाकीच्यांना सेफ्टाझिडिमच पहिलं. १९८९ साली थायलंडमधल्या अभ्यासात गंभीर पेशंटमधलं मृत्यूचं प्रमाण सेफ्टाझिडिममुळे ७४ टक्क्यांवरून ३७ वर आलं होतं, तेव्हा त्याला कमजोर म्हणू नका.

पहिला रिपोर्ट चुकला त्याचं नवल नाही. लॅबच्या पहिल्या टेस्टमध्ये दोन्ही जंतू सारखेच दिसतात (ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, ग्रॅम निगेटिव्ह), मशीनसुद्धा कधी कधी दुसरंच नाव देतं. आम्हाला संशय येतो तो सेन्सिटिव्हिटीची प्लेट (जंतू वाढवून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात ती) बघून: जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या दोन्ही चकत्यांभोवती जंतू बिनधास्त वाढलेला आणि को-अमॉक्सिक्लॅवच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल, म्हणजे तिथे जंतू मेलेला. साधा स्यूडोमोनास बरोबर उलटा वागतो. प्लेट दोन-तीन दिवस जास्त ठेवली की कॉलनीला (जंतूच्या ठिपक्याला) सुरकुत्या पडतात. तुमच्या लॅबने रिपोर्ट पाठवून दिल्यावरही प्लेट बघितली, चांगलं काम केलंय त्यांनी.

डॉ_शर्वरी
लॅबवाले यांना +१. तीन महिन्यांचं सांगते. हा मातीतला आणि पाण्यातला जंतू, जखमेतून, श्वासातून किंवा पिण्याच्या पाण्यातून शिरतो, आणि शिरला की आपल्याच पेशींच्या आत जाऊन बसतो. शिरेतल्या औषधाने रक्तातला मरतो, आतला उरतो. म्हणून दोन भाग: आधी शिरेतून किमान दोन आठवडे (काकांसारख्या आतल्या गाठी असतील तर जास्त, हाडात असेल तर सहा, मेंदूत असेल तर आठ आठवडे), मग उरलेला मारायला को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. गोळ्या अर्धवट सोडल्या की परत उलटायचा धोका बराच वाढतो, आणि पेशंट त्या सोडतात कारण तोवर ताप गेलेला असतो, भूक लागलेली असते, पेशंट म्हणतो मला काय झालंय. मोठी गाठ असेल तर सुईने पू काढावा लागतो, पण प्लीहेतल्या बारीक बारीक गाठी बहुतेक वेळा औषधानेच विरतात.

डोस बघून घाबरू नका. वजन ६० किलोच्या वर असेल तर साध्या गोळ्या चार सकाळी चार रात्री असं होतं, औषधाच्या दुकानातसुद्धा विचारतात की चिठ्ठीत चूक तर नाही ना. चूक नाही, पण किडनी बघून कमी करतात. सोबत फोलिक अ‍ॅसिड.

घरच्यांना भीती नाही, माणसाकडून माणसाला होणं अत्यंत दुर्मीळ. शुगर मात्र आता तरी आवरा, या आजाराचा धोका सगळ्यात जास्त त्यानेच वाढतो.

अवनी१२
थोडं अवांतर. माझ्या दिराच्या हातावर फिशटँक साफ केल्यावर गाठी आल्या, साध्या अँटिबायोटिकने काही फरक नाही, कल्चर पण निगेटिव्ह. शेवटी मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा पाण्यातला जंतू निघाला. तो म्हणे ३० डिग्रीला वाढतो, नेहमीच्या ३७ ला नाही, त्यामुळे लॅबला आधी सांगावं लागतं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एथॅम्ब्युटॉल कित्येक महिने चाललं. तेव्हा डॉक्टरांना माती, पाणी, मासे, जखम, जे असेल ते स्वतःहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका.

लॅबवाला
अगदी. आम्हाला फॉर्मवर नुसतं 'ताप' लिहून येतं, त्यावरून काय कळणार.

मृण्मयी_के
खूप आभार सगळ्यांचे, घरी वाचून दाखवलं, औषध बदला बदला थांबलंय सध्या. एक राहिलं, काका बीपीसाठी टेल्मिसार्टन घेतात, या गोळ्यांबरोबर चालतं ना?

डॉ_शर्वरी
हे बरं विचारलंत. दोन्ही औषधं पोटॅशियम वाढवतात, एकत्र जास्तच, आणि किडनी थोडी अधू असेल तर अजून. तिथल्या डॉक्टरांना डिस्चार्जच्या आधीच सांगा, कदाचित बीपीची गोळी बदलतील. गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), मग ठरावीक दिवसांनी परत. अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दाखवा. या गोळ्यांत सल्फा असतं, म्हणून पूर्वी कधी सल्फाची अ‍ॅलर्जी झाली होती का तेही काकूंना विचारून ठेवा, पेशंटला स्वतःला ते आठवत नसतं.