चर्चा: श्रोडिंजरच्या समीकरणात बल कुठाय?

कृष्णाकाठ (सांगली):
गेल्या आठवड्यात क्लासमधल्या एका पोरीनं विचारलं, "सर, यात बल कुठाय?" नाहीच. इलेक्ट्रॉनसारख्या कणांचं वागणं सांगणाऱ्या १९२६ च्या त्या समीकरणात ऊर्जा आहे, पोटेन्शियल (ज्यातून क्षेत्र आणि बल काढता येतं ते जागोजागचं मूल्य) आहे, न्यूटनचा एफ, म्हणजे बल, नाही. माझं मत स्पष्ट आहे: बल ही मोठ्या वस्तूंपुरती सोय, खरं ते तरंगफलन, म्हणजे कणाची अवस्था सांगणारं गणिती फलन. १९५९ मध्ये अहारोनोव आणि बोम यांनी दाखवलं की लांब सॉलेनॉइडच्या (तारेच्या गुंडाळीच्या) दोन्ही अंगांनी इलेक्ट्रॉन सोडले, तर चुंबकीय क्षेत्र आतच कोंडलेलं असूनही दोन्ही वाटांचे तरंग मिसळून पडद्यावर उमटणारे पट्टे सरकतात. वाटेत क्षेत्र शून्य, बल शून्य, तरी सरकतात! आयर्विन पुलाच्या खांबाला पाणी दुभंगतं, पुढं एक होतं. खांबाच्या पोटात काय आहे, याच्याशी पाण्याला काय देणंघेणं? इथं मात्र आहे.

लेथवाला (कुपवाड):
काय ओ सर, क्षेत्र शंभर टक्के कोंडलंय कशावरून? वाइंडिंगचं काम बघितलेला माणूस यावर विश्वास ठेवायचा नाही. कुठूनतरी गळणारच, आणि त्यानंच ढकललं असणार. शिवाय १९२२ चा स्टर्न-गेर्लाख प्रयोग घ्या. चांदीचे अणू असमान चुंबकीय क्षेत्रातून गेले आणि वळले. ढकलल्याबिगर वळले का?

कृष्णाकाठ:
गळतीची शंका जुनीच. म्हणून तर तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मायक्रॉनमध्ये मोजावी एवढी चुंबकाची कडी घेतली आणि ती नायोबियम धातूच्या अतिवाहक (अतिथंडीत वीज बिनविरोध वाहू देणाऱ्या) थरात गुंडाळली. अतिवाहक झाल्यावर तो थर क्षेत्राला बाहेर पडू देत नाही, आणि फ्लक्सही (कडीतून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र) ठरावीक पटीतच कोंडतो. त्यामुळं पट्टे एक तर बरोब्बर अर्ध्या पट्ट्यानं सरकले, नाहीतर अजिबात नाही. गळतीला एवढा हिशेब कुठून येणार?
अणू वळले, मान्य. पण नुसत्या बलाच्या हिशेबानं सलग डाग पडायला हवा होता. पडले दोन ठिपके.

अजिंक्यतारा (सातारा):
सर, नदीची उपमा गोड आहे, पण फसवी. पाणी कृष्णेत असतं. दोन इलेक्ट्रॉनांचं तरंगफलन सहा मितींत असतं, तिघांचं नऊ मितींत. ते कुठल्या नदीतून वाहतं? भौतिकशास्त्रज्ञ बॉर्ननं त्याचा अर्थ कण कुठं सापडेल याची संभाव्यता असाच लावला. मी त्याला हिशेबाची वही म्हणते.
आणि पोटेन्शियललाही खरं म्हणू नका. गेज (ते मांडायची गणिती पद्धत) बदललं की त्याची किंमत बदलते. बदलत नाही तो वेढ्याआतला फ्लक्स, म्हणजे शेवटी क्षेत्रच.

लेथवाला:
ताई, बरं बोललात! आणि सर, तुमच्याच बोमनं १९५२ मध्ये तरंगफलनातून क्वांटम पोटेन्शियल काढलं. त्याचा उतार कणाला ढकलतो. तुमच्या सॉलेनॉइडबाहेरही ते बल शून्य नाही. मग आमचं बल मागच्या दारानं आत आलंच की.

कृष्णाकाठ:
आलं, पण लंगडत आलं. तिथं तरंगफलन कणाला वाट दाखवतं, कण तरंगफलनाला काहीच करत नाही. न्यूटनचा तिसरा नियम कुठं गेला? अशाला मी बल म्हणायला तयार नाही.
सहा मितींपाशी मात्र ताईंनी मला अडवलं. तरी पोरगी परवा येणार आहे. तिला वही म्हटलं, तर ती विचारणार, "मग पट्टे वहीनं सरकवले का?"

अजिंक्यतारा:
वहीनं नाही सरकवले. कुणी सरकवले हे तिनं शोधलंच, तर मलाही फोन करा.