होडीत पाणी येतंय, पण कुठून? तुमचे अनुभव सांगा

आमची चोवीस फुटी फायबरची शिडाची होडी मुंबई बंदरात असते. पावसाळाभर जमिनीवर होती, नोव्हेंबरात पाण्यात उतरवली आणि आठवड्याभरात तळाशी रोज दोन तांबे पाणी साचायला लागलं. दोन तांब्यांचं काय एवढं, असं बरोबरचे म्हणाले. मला मात्र चैन पडेना. पाण्याखाली दोन फुटांवर एक इंचाचं भोक पडलं तर मिनिटाला साठ लिटरच्या वर पाणी आत येतं. हा थेंब कशाचा आहे ते कळेपर्यंत बंदराबाहेर जायचं नाही असं ठरवलं.

आधी त्या पाण्यात हाताचं बोट बुडवून चव घेतली. खारट. म्हणजे पाऊस नाही आणि पिण्याची टाकीही नाही. मग स्पंजाने तळ टिपला, सुक्या फडक्याने पुसला आणि सगळीकडे खडूची पूड भुरभुरवली. तासाभराने पुडीत एक ओली रेघ उमटली. ती शिशाच्या कण्याच्या, म्हणजे होडीला तोल देणाऱ्या तळाखालच्या वजनाच्या, बोल्टांजवळून जात होती, म्हणून मिस्त्री म्हणाला, कणाच उतरवावा लागेल. मोठं खर्चाचं काम! पण रेघ बोल्टांपाशी सुरू होत नव्हती, नुसती तिथून पुढे जात होती. मागे मागे जात मोरीच्या नळापर्यंत पोचले. तळातून आरपार जाणाऱ्या त्या नळाच्या प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला, तर फक्त बुडाशी असलेला भिजला.

होडी वर काढून त्या बुडाच्या सांध्यावरचा, नळ बंद करायचा वॉल्व्ह खोलला. भोवतीचं जुनं सीलंट तडकलेलं होतं, ते अपेक्षितच होतं. पण पितळ खरवडलं तर आतून गुलाबी निघालं! खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त झिजून जातं आणि ठिसूळ तांबं उरतं. हातोडीच्या हलक्या ठोक्याने कड तुटली. नुसतं बाहेरून सीलंट थापून मोकळी झाले असते तर एक दिवस अख्खा वॉल्व्हच हातात आला असता. ब्राँझचा नवा बसवला. जुनं सीलंट पूर्ण खरवडून, अ‍ॅसिटोनने पुसून, पॉलियुरेथेन सीलंट लावलं. तळ तेव्हापासून कोरडा आहे.

तुमच्याकडे काय झालं, कसं सापडलं, ते सविस्तर लिहा.

*

ताई, ती गुलाबी कड वाचून उद्याच आमचे वॉल्व्ह तपासतो. मी साउदम्प्टनला असतो. आमचं पाणी गोडं होतं, उशाशी टपकायचं. खिडकीवर संशय घेऊन ती दोनदा सील केली, उपयोग शून्य. शेवटी मुलाला आत टॉर्च देऊन बसवलं आणि मी बाहेर पाइप धरला. पाणी खालून वर न्यायचं, एकेका जागी दहा मिनिटं. घाई केली की कुठून आलं ते कळत नाही. पाणी येत होतं ते कठड्याच्या खांबाच्या स्क्रूमधून, उशीपासून चांगलं पाच फूट पुढे! छताच्या आतल्या अस्तरावरून वाहत यायचं. भोकं मोठी करून इपॉक्सीने भरली, परत पाडली, ब्यूटाइल टेप लावली. भोक भरणं महत्त्वाचं, नाहीतर डेकच्या आतलं बाल्सा लाकूड कुजतं.

*

हैदराबाद, हुसेनसागर. लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी. डोलकाठी जिथे बसते त्या खाचेत काठोकाठ पाणी भरून ठेवा. पातळी उतरली की गळती तिथेच. आमची अर्ध्या तासात दोन बोटं उतरली.

*

मालवण. आजोबांची लाकडी होडी चार महिने किनाऱ्यावर सुकली की फळ्या आकसायच्या. पाण्यात घातल्यावर पहिल्या दिवशी सगळीकडून पाणी यायचं आणि आजोबा नुसतं उपसत राहायचे, हात लावू द्यायचे नाहीत. दोन दिवसांत लाकूड फुगून फटी मिटायच्या. त्यानंतरही जी फट रडत राहील तेवढीच ते धरायचे: जुना कापूस उकरून नवा ठासायचा, वर राळ आणि तेल. कोरड्यात फट दिसते म्हणून गच्च ठासली तर फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही, असं ते म्हणायचे. मी आता फायबरची होडी चालवतो, पण पहिले दोन दिवस उपसून बघायची सवय त्यांचीच.

*

आमच्याकडे होडी डावीकडे कलली की पाणी यायचं, सरळ असली की बंद. पाणी उपसायच्या पंपाची बाहेरची नळी कलल्यावर समुद्रात बुडायची आणि पाणी उलटं आत ओढलं जायचं. नळी उंच वळण देऊन नेली, वळणाच्या माथ्यावर हवेची झडप बसवली.

*

कोचीहून. आमचं अजून सापडलेलं नाही. पाणी गोडं. टाकीत खायचा लाल रंग घातला, तळाशी आलं ते स्वच्छच, म्हणजे टाकी सुटली. आज डोलकाठीच्या बुंध्याला कोरडं फडकं बांधून ठेवलंय. संध्याकाळी ढग आहेत. उद्या सकाळी जाऊन बघतो आणि इथेच लिहितो.