मदत हवी आहे : गुलाबी थर कोरलाइन शैवालाचाच आहे हे कसे ठरवावे?

मालवणच्या प्रवाळांजवळ, मोठ्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर चौकटी टाकून आम्ही कोरलाइन शैवालाच्या (अंगात चुना साठवून खडकावर कडक थर बनवणाऱ्या लाल शैवालाच्या) गुलाबी थराचे प्रमाण मोजत आहोत, कारण अनेक प्रवाळांच्या अळ्या अशाच थरावर बसणे पसंत करतात. अडचण अशी की पेसोनेलिया हे लाल शैवालही बरेचसे तसेच दिसते. सुटून पडलेल्या तुकड्यावर व्हिनेगर टाकले तर फेस आला. पण चुना पेसोनेलियातही असतो, त्यामुळे त्यावरून काहीच ठरले नाही. भिंगातून काही थरांवर टाचणीने टोचल्यासारखे छिद्र असलेले फुगवटे, म्हणजे कोरलाइनची बीजाणूकोटरे, स्पष्ट दिसतात. बाकीचे थर मात्र गुळगुळीत आहेत. परिसर सागरी अभयारण्याचा असल्याने खरवडून नमुना घेता येत नाही. असा गुळगुळीत थर केवळ जवळून काढलेल्या छायाचित्रांवरून कोणत्या खुणांनी ओळखावा, की तो ‘अनिश्चित’ म्हणून वेगळाच नोंदवावा?