चारीवरील हेड आणि टेल यांच्या सहकार्याचे गणितीय प्रारूप कसे मांडावे?

प्रश्न : टेलचा विद्यार्थी (परभणी)

जाणकारांना नमस्कार. मी उपयोजित गणितात पीएच.डी. करीत असून सहकार्याची गतिकी हा माझा विषय आहे. आमची शेती जिल्ह्यातील एका वितरिकेच्या (कालव्याच्या फाट्याच्या) शेवटच्या चारीवर, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर, आहे, त्यामुळे उदाहरण शोधायला लांब जावे लागले नाही. १९५० साली फ्लड आणि ड्रेशर यांनी अभ्यासलेला आणि टकर यांनी 'कैद्यांची कोंडी' म्हणून मांडलेला खेळ (ज्यात प्रत्येकाला दगा देणे फायद्याचे वाटते, पण दोघांनीही दिला तर दोघांचेही नुकसान होते), अ‍ॅक्सेलरॉड यांच्या संगणकी स्पर्धांत रॅपोपोर्ट यांच्या 'जशास तसे' (समोरचा मागच्या खेपेला वागला तसेच वागायचे) या धोरणाने मिळवलेला विजय, तसेच टेलर आणि यॉन्कर यांचे १९७८ मधील रेप्लिकेटर समीकरण (जास्त लाभाचे वागणे लोकसंख्येत कसे पसरते ते सांगणारे), एवढे वाचून झाले आहे.

अडचण अशी की या मांडणीत दोन्ही खेळाडू सारख्या ताकदीचे धरलेले असतात. चारीवर तसे नसते. हेडचा, म्हणजे चारीच्या सुरुवातीचा, शेतकरी दाराखाली दगड अडकवून आपली पाळी संपल्यावरही पाणी घेऊ शकतो. टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटचा, शेतकरी त्याच्याशी 'जशास तसे' वागायचे म्हटले तरी कसा वागणार? पाणी तर आधी हेडच्या रानातूनच येते. माझे मार्गदर्शक म्हणतात की सध्या सममित खेळ घेऊन प्रबंध पूर्ण करावा. मला ते पटत नाही. ही असममिती समीकरणांत कशी आणावी, आणि आणली तर जायकवाडीसारख्या मोठ्या प्रकल्पाच्या कारभाराबद्दल तीतून काही निष्पन्न होईल का?

उत्तर : गणिताचे निवृत्त प्राध्यापक (छत्रपती संभाजीनगर)

आपली शंका रास्त आहे. सममित खेळ घेतल्यास प्रबंध होईल, पण चारी त्यात सापडणार नाही. हेड आणि टेल या दोन वेगळ्या लोकसंख्या धराव्यात आणि प्रत्येकीसाठी स्वतंत्र रेप्लिकेटर समीकरण लिहावे. टेलकडे पाणी अडवण्याची ताकद नसली, तरी त्याच्या हातात काहीच नाही असे नाही. चारीतील गाळ आणि झुडपे काढण्याचे श्रम, पाणीपट्टी वेळेवर भरणे, पाणी वापर संस्थेतील मत, हे सारे त्याचे आहे आणि ते तो रोखू शकतो.

आता सोपी मांडणी करू. पाळी मोडून हेडला एका आवर्तनात (कालव्याला पाणी सोडण्याच्या एका फेरीत) मिळणारा जादा लाभ 'ज' माना. टेलच्या मदतीमुळे हेडला एका आवर्तनात होणारा लाभ 'म' माना आणि पुढचे आवर्तन मिळण्याची शक्यता 'श' माना. हेडने एकदा पाळी मोडली की टेल पुढे मदत करीत नाही, असे धरले तर हेडने शिस्त पाळणे फायद्याचे ठरण्याची अट एवढीच निघते : 'श' गुणिले 'म' ही राशी 'ज' पेक्षा मोठी हवी. कागदावर दोन ओळींत सिद्ध होते, स्वतः करून पाहा. टेलसाठीही अशीच अट निघते. हेडच्या शिस्तीतून त्याला मिळणारा लाभ गुणिले 'श' हे त्याच्या श्रमाच्या आणि पैशाच्या खर्चापेक्षा अधिक हवे.

या दोन्ही अटी पूर्ण झाल्या म्हणजे सहकार्य आपोआप येते, असे मात्र समजू नये. समीकरणांना दोन स्थिर टोके उरतात. एका टोकाला सगळे पाळी पाळतात आणि मदतही करतात, दुसऱ्या टोकाला कोणीच काही करीत नाही. मधला समतोल अस्थिर असतो, म्हणून सुरुवातीला किती लोक सोबत आहेत यावर शेवट ठरतो. एकाच वितरिकेवरच्या लगतच्या दोन चाऱ्यांचे वळण इतके वेगळे का असते, याचे उत्तर मला तरी इथे दिसते. माणसांच्या स्वभावात ते शोधत बसण्याची आपल्याकडे फार सवय आहे.

उत्तर : सेवानिवृत्त कालवा अभियंता (जालना)

प्राध्यापक महोदयांच्या 'श' बद्दल मला सांगायचे आहे, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ७६ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) थोडा अधिक. पाऊसकाळ संपला की साठा पाहून कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि रब्बीला किती, उन्हाळ्याला किती आवर्तने द्यायची हे ठरते. धरण भरलेल्या वर्षी पुढची पाळी येणार याची शेतकऱ्याला खात्री असते आणि तो थांबतो. २०१५-१६ सारख्या वर्षी, जेव्हा पिण्यासाठी पाणी राखून ठेवण्याचीच चिंता होती आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा 'पुढचे कोणी पाहिले' हाच हिशेब चालतो. माझ्या नोकरीच्या काळात ज्या आवर्तनाला 'हे शेवटचे' म्हणून जाहीर केले, त्याच आवर्तनात कालव्यात पाणी उपसण्याच्या सर्वाधिक मोटारी टाकलेल्या दिसत. रात्री काठाने चालत गेले की पाइपांना पाय अडकत. पाटकऱ्याने (कालव्यावर देखरेख ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याने) एक काढेपर्यंत पुढच्या वळणावर दुसरा टाकलेला असे.

आता ही शक्यता ठरते कुठे? ती चारीवर ठरत नाही, फार वर ठरते. नाशिक आणि अहिल्यानगर भागातील गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, निळवंडे या धरणांतून जायकवाडीत किती पाणी उतरणार, यावर ते अवलंबून आहे. समन्यायी पाणीवाटपाची तरतूद २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडण्याचे सूत्र आले. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. तरीही टंचाईच्या वर्षी सोडायचे की नाही, कधी आणि किती, यावर दरवेळी नव्याने वाद आणि याचिका होतात. नियम लिहिलेला असून त्याच्या पालनाची खात्री नसेल, तर पाथरीच्या किंवा मानवतच्या चारीवर 'श' खालीच राहणार. तिथे पाटकऱ्याने कितीही दंडाच्या नोटिसा दिल्या तरी फरक थोडा पडतो.

उत्तर : लातूरहून एक वाचक (ग्रामीण संस्थांच्या अभ्यासक)

'म' ची बाजू राहून गेली, म्हणून लिहिते. एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि रॉय गार्डनर यांनी १९९३ मध्ये नेपाळमधील सिंचन व्यवस्थांवर लेख लिहिला होता आणि आपल्या प्रश्नाचे मूळ त्यात आहे. शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या व्यवस्थांत बंधारा कच्चा असतो, तो दरवर्षी दुरुस्त करावा लागतो आणि त्यासाठी हेडवाल्यांना टेलवाल्यांची माणसे लागतात. त्या गरजेमुळे टेलला पाण्याचा वाटा मागता येतो. सरकारने पक्का बंधारा बांधून दिला की श्रमांची गरज संपते आणि त्यासोबत टेलचा शब्दही हलका होतो. प्राध्यापक सरांच्या भाषेत सांगायचे तर काँक्रीटने 'म' शून्याकडे नेला. बांधकाम उत्तम झाले आणि वाटप बिघडले, हे मोठ्या प्रकल्पांच्या अहवालांत क्वचितच लिहिले जाते, कारण तिथे खर्च आणि मुदत एवढेच मोजतात.

याचा अर्थ काँक्रीट करू नये असा मी काढत नाही, आपल्याकडच्या काळ्या जमिनीतून जाणाऱ्या चाऱ्यांना तर ते हवेच आहे. प्रश्न असा की हरवलेला 'म' दुसऱ्या कोणत्या मार्गाने परत आणायचा. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन कायद्यात तसा प्रयत्न आहे. पाणी घनमापन पद्धतीने संस्थेला मोजून द्यायचे आणि आकारणी संस्थेकडून करायची, शिवाय व्यवस्थापन समितीत हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांचे संचालक घ्यायचे. कोटा सगळ्यांचा एकत्र असला की हेडवाल्याचा जादा वापर पाटबंधारे विभागाच्या पाण्यातून जात नाही, तो शेजाऱ्याच्या वाट्यातून जातो. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर ओझरकडच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संस्था उभ्या केल्या. ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांनीच आधी हालचाल केली, याची आपल्या मांडणीत नोंद घ्यावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर, ताई, मनःपूर्वक आभार. पाळी मोडताना पकडले जाण्याची शक्यता 'प' आणि दंड 'द' घेऊन मी अट पुन्हा लिहिली. 'श' गुणिले 'म' अधिक 'प' गुणिले 'द' हे 'ज' पेक्षा मोठे हवे, असे येते. म्हणजे वरच्या धरणांच्या वाटपातली खात्री वाढवणे आणि चारीवरची देखरेख वाढवणे हे काही अंशी एकमेकांचे पर्याय ठरतात. परंतु 'श' निम्मे झाले की, दंडाचा भाग सोडल्यास, 'म' दुप्पट हवा. टंचाईच्या वर्षी तर टेलवाला मदत करण्याच्या स्थितीतच नसतो, अनेकदा तो उसतोडीला गेलेला असतो. आता 'श' स्थिर धरावे की कसे?

उत्तर : गणिताचे निवृत्त प्राध्यापक

स्थिर धरू नये. भरलेले धरण आणि रिकामे धरण अशा दोन अवस्थांची मार्कोव्ह साखळी (जिथे पुढच्या अवस्थेची शक्यता फक्त सध्याच्या अवस्थेवरून ठरते) घ्यावी आणि प्रत्येक अवस्थेसाठी 'श' वेगळे ठेवावे. उसतोडीचे स्थलांतरही त्याच अवस्थेला बांधावे, म्हणजे 'म' सुद्धा धरणासोबत बदलेल. मात्र वर्षाला एकच नोंद मिळत असल्याने आकडे थोडे असतील, त्यामुळे अंदाजांच्या मर्यादा रुंद दाखवाव्यात.

उत्तर : सेवानिवृत्त कालवा अभियंता

१५ ऑक्टोबरच्या साठ्याचे आकडे मिळतील. चारीवर किती पाणी पोचले, याची नोंद मात्र जिथे फ्ल्यूम (पाणी मोजण्याचे साधन) बसवलेला आहे आणि त्याची मोजपट्टी अजून वाचता येते, अशाच ठिकाणची घ्यावी. हेडच्या दाराची नोंदवही टेलच्या पाण्याचा पुरावा म्हणून वापरू नये. आपल्या वितरिकेवर संस्था असेल तर आधी तिच्या सचिवांकडची आवर्तननिहाय पाणी आकारणीची बिले पाहावीत.