ज्वारीच्या कण्या आता कशा काढून घ्याव्यात? आणि तुमच्या घरी मन निवणारे जेवण कोणते?

शिवारसखी (आर्वी तालुका)

सर्वांना नमस्कार. माझे सासरे दीर्घ तापातून नुकतेच उठले आहेत. डॉक्टरांनी हलके जेवण सुरू करण्यास सांगितले असले, तरी मऊ भात, मुगाची खिचडी, रव्याची पेज यांपैकी काहीच त्यांना गोड लागत नाही. दोन घास घेऊन ते ताट सरकवतात आणि ज्वारीच्या कण्या व ताक एवढेच मागतात. आमच्या शिवारात आता सोयाबीन, कपाशी आणि तूर यांखेरीज फारसे काही पेरले जात नाही, त्यामुळे ज्वारी आठवडी बाजारातून आणावी लागते. ती मिळते, अडचण पुढची आहे. गावातील चक्कीवर ज्वारीचे केवळ बारीक पीठ होते, घरचे जाते कित्येक वर्षे वापरात नसल्याने गुळगुळीत झाले आहे आणि मिक्सरमधून काढलेल्या भरडीत निम्मे पीठ व निम्मे अख्खे दाणे राहतात. शिजवल्यावर त्याची खळ होते आणि मामंजी ती ओळखतात.

कण्या नीट कशा काढाव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे. त्याचबरोबर आजारपणात, शेतातून थकून आल्यावर किंवा मन उदास असताना आपापल्या घरी कोणते जेवण मागितले जाते आणि ते नेमके कसे रांधले जाते, हेही सविस्तर लिहावे. त्यातून त्यांच्या तोंडाला चव आणणारे आणखी काही हाती लागावे, अशी इच्छा आहे.

निर्गुडाकाठ (वणी)

ताई, ज्वारी थेट चक्कीवर नेल्यास कण्या चांगल्या होत नाहीत, कारण वरचा कोंडा दाण्यालाच चिकटून राहतो आणि शिजल्यावर घशात खवखवतो. ज्वारीवर पाण्याचा हबका मारून ती थोडा वेळ झाकून ठेवावी. कोंडा सैल झाला की उखळात हलक्या हाताने कांडावी, सुपाने पाखडावी, सावलीत पूर्ण सुकवावी आणि त्यानंतरच भरडावी. चक्कीवाल्याला दगड सैल करून भरडण्यास सांगता येते, पण थोड्याशा दाण्यांसाठी तो सहसा तयार होत नाही, कारण दगड पुन्हा आवळून बसवावे लागतात आणि आधीच्या दळणाचे पीठ मध्ये अडकलेले असते. म्हणून संध्याकाळी शेवटचे दळण झाल्यावर जावे आणि त्याआधी ज्वारीच दळली गेली असेल असे पाहावे. गव्हानंतर तर मुळीच टाकू नये. घरी आणल्यावर भरड चाळून घ्यावी. खाली पडलेले पीठ भाकरीला चालते, चाळणीत राहिलेल्या त्याच कण्या.

शिजवताना एक वाटी कण्यांना चार ते पाच वाट्या पाण्याचे आधण ठेवावे, त्यात मीठ घालावे आणि कण्या एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. त्यानंतर आच अगदी मंद करून झाकण ठेवावे. कुकरची घाई करू नये; दाणा आतपर्यंत फुलला पाहिजे, परंतु फुटून त्याचा लगदा होता कामा नये. आजारातून उठलेल्या माणसासाठी त्या जरा पातळ ठेवाव्यात, कोमट झाल्यावर ताजे, आंबट नसलेले ताक घालावे आणि किंचित भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरावी. फोडणी सुरुवातीला नको.

आमच्या घरी मन निवणारे जेवण म्हणाल, तर अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर. अंबाडीचा पाला आधी उकडून त्याचे पाणी ओतून द्यावे, नाहीतर आंबटपणा दातांना लागतो. मग शिजलेली तुरीची डाळ आणि याच ज्वारीच्या कण्या त्यात घालून भाजी घोटावी. कण्यांमुळे भाजीला जो दाटपणा येतो, तो बेसन लावून येत नाही. वरून फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) तेलात भरपूर लसूण तांबूस होईपर्यंत तळून, सुक्या मिरच्या टाकून ती फोडणी ताटातल्या भाजीवर घ्यावी. कपाशीच्या कडेने अंबाडीची ओळ लावण्याची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. पाला खाण्यासाठी, बोंडांच्या लाल पाकळ्या सरबतासाठी आणि सालीचा वाख दोरांसाठी. शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनी नैवेद्यात झुणका-भाकरीसोबत अंबाडीच्या भाजीचाही मान असतो, याचे मला फार समाधान वाटते. आपल्या साध्या जेवणाला देवाघरीही पहिली पसंती आहे.

धानपट्टा (नागभीड)

आमच्या भागात ज्वारीची जागा तांदळाने घेतलेली आहे, म्हणून माझे उत्तर थोडे वेगळे आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांत आजाऱ्याला पेज दिली जाते, आणि ती अख्ख्या तांदळापेक्षा कणीची अधिक चांगली होते. धान भरडताना तुटलेले तुकडे वेगळे निघतात. हल्ली लोक ते गिरणीतच स्वस्तात विकून टाकतात, तसे करू नये. नव्या धानाच्या कणीची पेज चिकट आणि जड होते, म्हणून किमान वर्षभर जुनी कणी घ्यावी, मीठ घालून पातळ शिजवावी आणि सोबत लिंबाचे मुरलेले लोणचे द्यावे.

चवीचे बोलायचे, तर आमच्या तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांचे स्मरण केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या या शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे राखले, पुढील हंगामांत पेरून पाहिले आणि त्यातून बारीक दाण्याचे, चवदार असे एचएमटी धान उभे राहिले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्या वाणाला मिळाले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आज विदर्भातील असंख्य घरांत जो मऊ, मोकळा भात ताटात पडतो, त्यामागे एका माणसाची नजर आणि धीर आहे, हे जेवताना मुलांना सांगितले पाहिजे.

माझ्या स्वतःच्या आवडीचे जेवण हिवाळ्यातले आहे. पोपटाच्या (वालाच्या प्रकारातल्या) शेंगांचे ओले दाणे आणि वांगी यांचा पातळ रस्सा, त्यासोबत गरम भात. त्यात बटाटा घालू नये, असे माझे ठाम मत आहे. बटाटा रस्सा शोषून घेतो आणि दाण्यांचा हिरवा वास दबतो. मामंजींना तूर्त हे जड पडेल, पण अंगात शक्ती आल्यावर अवश्य करावे.

घाटाखालचा (खामगाव)

आमच्याकडे पावसाळी संध्याकाळी फळे होतात. तुरीचे वरण चिंच-गुळाने थोडे आंबटगोड करून, उकळी आल्यावर त्यात कणकेच्या पातळ पोळीचे तुकडे सोडायचे, ते शिजून मऊ झाले की वरून साजूक तूप. तिखट कमी ठेवल्यास आजाऱ्यालाही चालते. कण्यांविषयी मात्र एक खंत लिहितो. लोकांना भाकर थापण्याचा आणि कांडण्या-पाखडण्याचा कंटाळा आला, म्हणून ज्वारी गेली. शासनाच्या ताटात ज्वारी वाढण्यापेक्षा ती घराघरांत शिजली पाहिजे.

वायगावची हळद (समुद्रपूर तालुका)

वरील खंत मनापासूनची आहे, परंतु त्यातील कारण मला पटत नाही आणि ते तसेच राहू नये, म्हणून लिहिते. आमच्या भागात ज्वारी खरिपाची. ती दाण्यात असताना परतीचा पाऊस आला की कणसे काळी पडतात आणि तो माल बाजारात कोणी विचारत नाही. रानडुकरे आणि पाखरे यांच्यापासून पीक राखायचे, तर रात्रंदिवस माणूस शेतात हवा. सोयाबीन कमी दिवसांत हाती येते, त्याचा पैसा दिवाळीच्या आसपास मिळतो आणि त्याच शेतात पुढे हरभरा पेरता येतो. बैलजोड्या कमी होऊन ट्रॅक्टर आले, तेव्हा कडब्याची गरजही घटली, आणि ज्वारीचा अर्धा मोबदला कडब्यातच होता. ज्या बाया पहाटे उठून जात्यावर दळण दळीत आणि मग दिवसभर निंदणाला जात, त्यांच्या सुना चक्कीवर गेल्या, याला कंटाळा म्हणणे अन्यायाचे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा भाषणे पुष्कळ झाली. भाव आणि रखवाली यांची सोय झाली असती, तर पेराही वाढला असता.

आता जेवणाचे. आमच्या घरी कोणी थकून आले की गोळाभात होतो आणि त्याचीही सारी मदार भरडीवरच आहे. बाजारातले तलम बेसन घेतले, तर गोळे आतून चिकट आणि कच्चट राहतात. हरभऱ्याची डाळ किंचित भाजून रवाळ भरडून घ्यावी, तीत तिखट, मीठ, ओवा, हिंग, आमच्या वायगावची हळद आणि तेलाचे सढळ मोहन घालावे, आणि पाणी अगदी जेमतेम लावून मुठीत वळतील असे गोळे करावेत. भात अर्धवट शिजून पाणी आटत आले की गोळे वर ठेवून थोड्या भाताने झाकावेत आणि मंद आचेवर वाफ धरावी. काही जण गोळे वेगळे वाफवून घेतात; मग भाताला त्यांचा आणि त्यांना भाताचा स्वाद लागत नाही. वाढताना गोळा भातात कुस्करून वर हिंग-मोहरीचे कडकडीत तेल घालावे आणि बाजूला कढी किंवा चिंचेचे सार असावे. डाळ भरडण्यासाठी मी मिक्सर वापरते आणि तो चांगला चालतो, मात्र भांडे निम्म्याहून कमी भरावे, दर वेळी क्षणभरच फिरवून थांबावे आणि मध्येमध्ये चाळून जाड तेवढे पुन्हा टाकावे. ज्वारीही याच रीतीने भरडते, फक्त कांडून सुकवलेली हवी.

शिवारसखी (आर्वी तालुका)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. निर्गुडाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे ज्वारी कांडून सुकवली आणि वायगावच्या ताईंच्या पद्धतीने मिक्सरवर थोडी थोडी भरडली. या वेळी खळ झाली नाही, दाणा दाण्यापासून वेगळा राहिला. डॉक्टरांना विचारून ताक दिले. मामंजींनी वाटी संपवली आणि उद्या जवसाची चटणी बारीकशी सोबत ठेव, असे सांगितले. ज्वारी सुटण्यामागच्या कारणांविषयी ताईंनी लिहिलेले त्यांना वाचून दाखवले, तेव्हा रखवालीचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, असे ते म्हणाले. आमच्या घरची ज्वारी रानडुकरांमुळेच सुटली.

घरचे जाते पुन्हा चालते करावे, असे आता मनात आहे. पूर्वी जात्याला टाकी लावणारे, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड टाके घालून पुन्हा खडबडीत करणारे कारागीर गावोगाव फिरत असत, हल्ली आमच्याकडे कोणी येत नाही. हे काम अजून कोठे होते?

निर्गुडाकाठ (वणी)

पाटे-वरवंटे विकणारे पाथरवट मोठ्या आठवडी बाजारांत आणि यात्रांत अजूनही बसतात. त्यांच्यापैकी बरेच जण जात्याला टाकी लावून देतात. जात्याच्या दोन्ही तळ्या (दगड) सोबत न्याव्यात, कारण एकाच तळीला टाकी लावली तर दळण धड होत नाही. भरडीसाठी हवे आहे, हे आधी सांगावे, म्हणजे तो टाके जरा खोल घालील. टाकी लावल्यावर पहिली एक-दोन दळणे खाण्यास घेऊ नयेत, त्यांत दगडाची कच येते. ती गुराढोरांनाही घालू नयेत. जवस मात्र तडतडेपर्यंत भाजून, पूर्ण थंड झाल्यावरच कुटावे. गरम असताना कुटल्यास त्याला तेल सुटून चटणीचा गोळा होतो.