पंचगंगाकाठचे नदी-अभ्यास केंद्र: इमारत काठाला बांधावी की माळावर?

प्रश्न (पर्यावरणशास्त्राचा अध्यापक)

आमच्या विद्यापीठाचे नदी-अभ्यास केंद्र शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठी उभारण्याचे घाटत आहे आणि जागा निवडण्याच्या समितीत मी आहे. एक लहान प्रयोगशाळा, वीस विद्यार्थ्यांच्या मुक्कामाची सोय आणि पर्जन्यमापक एवढीच आमची गरज आहे. समोर दोन जागा आहेत. पहिली पात्रापासून जेमतेम साठ मीटरवर, दोन एकर, सपाट काळ्या मातीची असून तेथून थेट पाण्यात उतरता येते. दुसरी दीड किलोमीटर मागे माळावर, मुरमाड आणि उंच. समितीतील बहुतेकांचा कल पहिल्या जागेकडे आहे, कारण नदीचा अभ्यास करणारे केंद्र नदीपासून लांब असणे त्यांना विसंगत वाटते. खांबांवर इमारत उभारून पहिली जागा वापरता येईल का?

उत्तर १ (निवृत्त अभियंता, पाटबंधारे)

इमारतीचा आराखडा तूर्त बाजूला ठेवून जलसंपदा विभागाकडून त्या गटाचा पूररेषांचा नकाशा मिळवा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र आणि दोन रेषांमधला नियंत्रित क्षेत्र मानला जातो. तुमची पहिली जागा निळ्या रेषेच्या आत निघाली नाही तर मला आश्चर्य वाटेल.

राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले होते, हे समितीला आठवत असेलच. पण तो बंधारा कोल्हापुरात आहे. शिरोळची गोष्ट आणखी वेगळी आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबते. त्यामुळे तुमच्याकडे पाणी नुसते चढत नाही, ते दिवसचे दिवस मुक्काम करते. खांब पुरात टिकतीलही. मात्र पूर झपाट्याने ओसरताना भिजून जड झालेल्या काठाला पाण्याचा आधार उरत नाही आणि तो पात्रात ढासळतो. काळ्या मातीत हे जास्त संभवते. खांबांचा पाया ज्या मातीवर आहे तीच जाणार असेल, तर वरची इमारत किती उंच आहे याला अर्थ नाही.

उत्तर २ (पाणी तपासणी प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ)

नदीच्या अगदी जवळ नेमके काय लागते, ते आधी ठरवावे असे सुचवतो. विरघळलेल्या ऑक्सिजनच्या नमुन्यात रसायने घालून तो काठावरच पक्का करावा लागतो. त्यासाठी सावली, एक ओटा आणि बाटल्यांची पेटी पुरते. पुढचे अनुमापन, म्हणजे ऑक्सिजन किती हे रसायनाने मोजणे, काही तासांनी माळावर केले तरी चालते. याउलट बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खर्च होतो हे पाहणाऱ्या चाचणीच्या, बाटल्या २७ अंश सेल्सिअसला सलग तीन दिवस ठेवायच्या असतात, म्हणजे तेथे वीज भरवशाची हवी. पावसाळ्यात ती काठापेक्षा माळावर टिकण्याची शक्यता अधिक.

मुक्कामाच्या सोयीचा आग्रह मात्र सोडू नका. शेवाळ आणि केंदाळ असलेल्या संथ पाण्यात ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि दुपारी चढतो, त्यामुळे शहरातून अकरा वाजता येऊन नमुना घेणाऱ्याला नदी आहे त्यापेक्षा बरी दिसते. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यापाशी मासे मरतात तेव्हा पहाटेचे आकडे कोणाकडेच नसतात, अशी माझी जुनी तक्रार आहे.

उत्तर ३ (शिरोळ तालुक्यातील शेतकरी)

सर, माळ कोरडा राहील, पण माळावर जाणाऱ्या रस्त्याचे काय, हे कोणी विचारलेले दिसत नाही. आमच्याकडे घरांच्या आधी ओढ्यावरची फरशी, म्हणजे रस्त्याचा ठेंगणा पूल, बुडते. नदीचे पाणी ओढ्यातून उलटे शिरते आणि त्यानंतर माळ म्हणजे बेटच. वीस मुले तेथे अडकली तर त्यांचे जेवण कोण पोहोचवणार? फरशी बुडण्याआधी मुलांना हलवायचे असेल, तर काठावरच्या शेतकऱ्यांकडे लक्ष ठेवा. ते नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी वर ओढून घेऊ लागले की निघायची वेळ झाली असे समजा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचाही आभारी आहे. पूररेषांच्या नकाशासाठी उद्याच पत्र देत आहे. इमारत माळावर बांधावी आणि काठाला केवळ दगडी पायऱ्या, पाणीपातळीची पट्टी व नमुन्यांचा ओटा ठेवावा, असा प्रस्ताव मी समितीपुढे मांडेन. काठाच्या उरलेल्या जमिनीवर वाळुंज, करंज आणि उंबर लावून काठ कितपत धरून राहतो हे पाहणे हाच विद्यार्थ्यांचा एक प्रकल्प होऊ शकेल. रस्त्याचा मुद्दा आमच्या कागदांत खरोखरच कोठे नव्हता. येत्या रविवारी फरशीची उंची मोजायला दोन विद्यार्थ्यांसह येत आहे. २०१९ चे पाणी कोठवर आले होते ती खूण आपण दाखवू शकाल का?