‘प्रतिक्रिया’ नंतर येते का?

शिक्षिका, आर्वी तालुका : नववीच्या मुलांसाठी न्यूटनच्या तिसऱ्या नियमावर (प्रत्येक क्रियेला तेवढीच व विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते) सरावप्रश्न तयार करताना मी ‘प्रतिक्रिया’ या शब्दापाशी अडले आहे. बैल बंडीला ओढतो तेव्हा बंडी बैलाला केव्हा ओढते, असे विचारले असता बहुतेक मुलांनी ‘बैलाने ओढल्यानंतर’ असे लिहिले. बातम्यांत आधी घटना घडते आणि मग कोणी तरी प्रतिक्रिया देतो. हाच अर्थ मुलांच्या मनात पक्का बसला आहे. दोन्ही बले एकाच क्षणी असतात, हे ऐकताच कळेल असा दुसरा शब्द आहे का?

निवृत्त संस्कृत अध्यापक, अमरावती : ताई, शब्द निर्दोष आहे, त्याचा वापर सैल झाला आहे. आरशासमोर बिंब आधी उभे राहते आणि प्रतिबिंब मागाहून येते, असे आपण कधी म्हणतो का? ‘प्रति’मध्ये समोरासमोर असण्याचा भाव आहे. वर्तमानपत्रांनी अर्थ वाकवला म्हणून शास्त्राने आपला शब्द टाकून देऊ नये.

शेतकरी, दर्यापूर : सर, प्रतिध्वनी मात्र ध्वनीनंतरच ऐकू येतो, आणि प्रत्युत्तरही उत्तरानंतरच दिले जाते. मुलाने यातला कोणता ‘प्रति’ धरायचा? विहिरीवरची मोटार सुरू केली, की पाणी ज्या क्षणी पुढे उसळते त्याच क्षणी हातातला पाईप मला मागे रेटतो. लहानपणी तो सांभाळताना मी दोनदा धुऱ्यावर पडलो आहे, आणि त्यात आधी-नंतर असे काही नव्हते. ‘रेट्याला रेटा’ म्हणावे. घरच्या शब्दाने मुलांना लगेच कळेल.

स्थापत्य अभियंता, वर्धा : भाऊ, पाइपापुरते ते चोख आहे. पण पृथ्वी चंद्राला ओढते आणि चंद्रही पृथ्वीला तेवढ्याच बलाने ओढतो; तेथे कोणी कोणाला रेटत नाही. दुसरे दोन शब्द सुचतात, परंतु ते आधीच गुंतलेले आहेत. ‘प्रतिबल’ हा शब्द पदार्थावरील ताणासाठी वापरतात, आणि ‘बलयुग्म’ म्हणजे एकाच वस्तूवर लागून तिला फिरवणारी दोन समांतर, समान व विरुद्ध बले. आपल्याला हवी असलेली बले दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. न्यूटनने १६८७ साली हा नियम लॅटिनमध्ये मांडला, तेव्हा क्रिया-प्रतिक्रिया म्हणून तो थांबला नाही. दोन वस्तूंच्या एकमेकींवरील क्रिया नेहमी समान व विरुद्ध दिशेच्या असतात, असे त्याने लगेच पुढे जोडले. त्या उत्तरार्धावरून ‘अन्योन्य बले’ म्हणावे, असे मला वाटते.

निवृत्त संस्कृत अध्यापक : ‘अन्योन्य’ सुंदर आहे. त्यात आधी कोण आणि नंतर कोण, हा वादच उरत नाही.

शेतकरी, दर्यापूर : सुंदर असेल, पण माझ्या पुतण्याच्या तोंडी तो बसणार नाही. त्याची खरी अडचणही वेगळी आहे : बंडी बैलाला तेवढ्याच बलाने मागे ओढत असेल, तर ती पुढे जातेच कशी, असे तो विचारतो. पावसाळ्यात काळ्या गाळात बैलाचा खूर घसरतो आणि बंडी जागची हलत नाही, ते दाखवले तेव्हा त्याला पटले. खुराने जमीन मागे रेटली तर जमीन बैलाला पुढे रेटते. गाळ तो रेटा पेलत नाही.

स्थापत्य अभियंता : उदाहरण अचूक आहे. मात्र खूर जमिनीला ‘रेटतो’ की ‘लोटतो’? माझ्या मते रेटा म्हणजे टिकून राहणारा जोर, आणि लोटणे म्हणजे एकदा दिलेला धक्का.

शेतकरी, दर्यापूर : आमच्याकडे बंद पडलेली गाडी फर्लांगभर लोटतात, सर. तो एकदाच दिलेला धक्का कसा?

निवृत्त संस्कृत अध्यापक : लाटेला ‘लोट’ म्हणतात, आणि लाटा एकामागून एक येतच राहतात. म्हणून लोटण्यातही सातत्य आहे, असे मी म्हणेन.

शिक्षिका, आर्वी तालुका : गाळातल्या खुराचा प्रश्न मी सरावात घेते आहे. त्याखाली ‘प्रतिक्रिया’ लिहू की ‘अन्योन्य’, हे कृपया कोणी सांगावे. सोमवारी तो वर्गात द्यायचा आहे.

स्थापत्य अभियंता : सांगतो, ताई. पण लाटेचा ‘लोट’ आणि ‘लोटणे’ यांचे मूळ खरेच एक आहे का, सर?